लालला दोन, निळीला तीन

[दृश्य: जेल रोड. अनंत चतुर्दशी, मध्यरात्र उलटून गेलेली.]

इंदूरला ही रात्र वर्षातून एकदाच येते. गच्च्यांवर, सज्जांत, दुकानांच्या बंद शटरांपुढे माणसं दाटीवाटीनं उभी आहेत. आखाडेवाले पट्टा फिरवत पुढे गेलेत आणि मागून मिलच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, येताहेत. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी. गिरण्यांचे भोंगे कधीच थांबले, झांक्या काही थांबल्या नाहीत.

हा कालिया बघा. फण्यावर निळी लहर पळते आहे, डोळे लाल. कृष्ण नाचतो आहे, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष आहे. आमचा कॅमेरा मात्र फण्याच्या मागच्या बाजूला गेला, जिथे वायरी आहेत. डोळ्यांना जाणारी वायर वेगळी आहे आणि फण्याला जाणारी वेगळी. ती वेगळी का, हे या फिल्ममध्ये बघायचं आहे.

[दृश्य: परदेशीपुऱ्यातली शेड. काही दिवस आधी, दुपार.]

शेडच्या एका टोकाला कालियाची शेपूट वाळत पडली आहे. दुसऱ्या टोकाला हे टेबल. टेबलावर सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, तुटकी कात्री, चहाचा कट आणि प्लास्टिकच्या डब्यांत रंगवार लावलेल्या एलईडी. टेबल मामांचं. सगळी शेड त्यांना मामाच म्हणते, म्हणून आम्हीही तेच म्हणणार. वडील मिलमध्ये साच्यावर होते. मामा मिलमध्ये कधी गेले नाहीत, मिलच्या झांकीत मात्र पोरवयापासून आहेत.

मामा लालची लड बांधताहेत. सप्लाय बारा व्होल्टचा. पाच लाल एलईडी एकीपुढे एक, शेवटी रेझिस्टन्स. आता निळीची लड. सप्लाय तोच, बाराचा. पण निळ्या तीनच घेतल्या आणि रेझिस्टन्स लावून लड संपवली.

"लालला दोन, निळीला तीन," मामा सोल्डर वितळवत म्हणतात. "दोन व्होल्ट, तीन व्होल्ट. पिवळी लालच्या घरातली, पांढरी निळीच्या. एवढं पाठ असलं की झांकी बांधता येते."

भाची शेजारी स्टुलावर बसली आहे. होळकर सायन्स कॉलेजात बी.एस्सी.ला आहे. ती विचारते, "पण मामा, निळीला जास्त का लागतात?"

"कंपनीनं तशी बनवली म्हणून."

कंपनीचं यात काही चालत नाही. जगातल्या कुठल्याही कारखान्यात जा, दोन व्होल्टांवर झगझगीत निळा प्रकाश देणारी एलईडी तिथे बनत नसते. मामांनी पाठ केलेल्या या दोन आकड्यांत निसर्गाचा एक फार मोठा नियम बसलेला आहे. तो या टेबलावर मोजता येतो. आणि आमचं म्हणणं असं की तो एकदा तरी स्वतःच्या हातानं मोजावाच.

[दृश्य: जवळून. टेबलावर दोन एलईडी, एक लाल, एक निळी.]

आधी ही गंमत बघा. मामांनी एक लाल आणि एक निळी समांतर जोडली. दोघींचे पाय एकत्र, दोघींना मिळून एकच रेझिस्टन्स. सप्लाय चालू केला. लाल लागली. निळी मख्ख.

निळी खराब आहे का? मामा चिमट्यानं लालचा एक पाय उचलतात. निळी झटकन लागते. पाय परत टेकवला, निळी गेली.

लाल एलईडी दोन व्होल्टांच्या आसपास वाहायला लागली की त्या दोन तारांमधला दाब तिथेच अडकतो. निळीला हवे असतात तीन. तिच्या वाट्याला दोनच येतात आणि दोनावर तिचं काही होत नाही. म्हणून फण्याच्या आणि डोळ्यांच्या वायरी वेगळ्या.

आता व्होल्ट आणि रंगाचा संबंध. एलईडीच्या पोटात वाळूच्या कणाएवढा स्फटिकाचा तुकडा असतो. त्याच्या सांध्यावरून इलेक्ट्रॉन खाली उतरतो, आणि उतरताना जी ऊर्जा सुटते ती एका प्रकाशकणाच्या, म्हणजे एका फोटॉनच्या रूपानं बाहेर पडते. ही ऊर्जा मोजायची इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये: एका व्होल्टच्या दाबानं एका इलेक्ट्रॉनला जेवढी ऊर्जा मिळते तेवढी म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. सुटणारी ऊर्जा दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळ असेल तर फोटॉन लाल. अडीचच्या वर गेली की निळा. मामांच्या तीनातला उरलेला थोडा भाग तारा आणि सांध्याच्या अडथळ्यात खर्ची पडतो.

प्रकाश म्हणजे लाट. लाल लाट सेकंदाला साधारण ४७६ लाख कोटी वेळा हेलकावते, निळी साधारण ६३८ लाख कोटी वेळा. ही झाली वारंवारता. आणि नियम इतकाच: फोटॉनची ऊर्जा त्याच्या वारंवारतेच्या सरळ प्रमाणात असते. वारंवारता दुप्पट तर ऊर्जा दुप्पट. ज्या संख्येनं गुणायचं ती सगळ्या रंगांना एकच, तिला प्लांकचा स्थिरांक म्हणतात. पुस्तकात हे सूत्र एका ओळीत येतं आणि लगेच त्याच्यावर गणित येतं. तो स्थिरांक कुठून आला, हे विचारायला तासाला वेळ नसतो.

[दृश्य: काळोख. जुना मोठा बल्ब, डिमरला जोडलेला. तार हळूहळू तापते.]

मामांच्या माळ्यावर अजून हे जुने बल्ब पडून आहेत. पूर्वी झांकीत हेच असायचे, वर रंगीत जिलेटिनचा कागद लावून. डिमर फिरवला आहे, अगदी थोडा. तार मंद लालसर दिसते. अजून थोडा, नारिंगी. अजून, पिवळट. पूर्ण फिरवला तरी निळी झाक नाही. सव्वीसशे-सत्तावीसशे केल्विनला ही तार जी ऊर्जा फेकते, तिच्यातला दहावा भागही डोळ्यांना दिसत नाही, बाकी सगळी नुसती उष्णता. याच बल्बवर जिलेटिन लावून निळा रंग काढायचा म्हणजे जे मुळातच थोडं आहे तेवढंच गाळून घ्यायचं. जुन्या झांक्यांतला निळा नेहमी मिणमिणता असायचा, तो यामुळे.

१८९०च्या दशकात बर्लिनमध्ये लोक नेमकं हेच मोजत होते. शहरात गॅसचे दिवे आणि विजेचे दिवे यांची चढाओढ लागलेली. कुठला दिवा किती उजेड देतो याचं पक्कं माप हवं होतं. शार्लोटेनबुर्गच्या शाही मापन संस्थेत म्हणून तापलेल्या पोकळीतून कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश निघतो याचे आलेख काढायला सुरुवात झाली. लुमर, प्रिंग्सहाइम, रुबेन्स, कुर्लबाउम ही माणसं. रात्रंदिवस भट्ट्या आणि तापमापक घेऊन बसलेली. त्यांच्याबद्दल फारसं कुठे लिहिलेलं सापडत नाही, सगळा मान सूत्र काढणाऱ्याला. आम्हाला हे खटकतं.

१८९६ साली विल्हेल्म वीन यांनी एक सूत्र दिलं होतं. दिसणाऱ्या प्रकाशाला ते छान लागू पडायचं. पण रुबेन्स आणि कुर्लबाउम मोजत मोजत दूरच्या अवरक्त टोकाला पोचले आणि तिथे सूत्र चुकायला लागलं. ७ ऑक्टोबर १९००, रविवार. रुबेन्स पत्नीसह बर्लिनमधले भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स प्लांक यांच्याकडे चहाला गेले आणि बोलता बोलता हे मोजमाप सांगून आले. पाहुणे गेल्यावर त्याच संध्याकाळी प्लांक यांनी दोन्ही टोकांना जमेल असं सूत्र जुळवलं. १९ तारखेला ते सभेत मांडलं. रुबेन्स यांनी रातोरात आपल्या आकड्यांशी ताडून पाहिलं आणि सकाळी येऊन सांगितलं, बरोबर बसतंय.

सूत्र बसलं होतं, का बसलं ते प्लांक यांनाही माहीत नव्हतं. पुढचे काही आठवडे ते त्याच्या मागे होते. १४ डिसेंबर १९०० रोजी त्यांनी जे मांडलं ते त्यांच्या स्वतःच्याही मनाविरुद्ध होतं: तापलेला पदार्थ ऊर्जा सलग देत-घेत नाही, ठरावीक तुकड्यांनी देतो-घेतो, आणि तुकड्याचा आकार वारंवारतेवर ठरतो.

[दृश्य: तोच बल्ब पुन्हा मंद लाल.]

आता या तारेकडे परत बघा. हजारएक केल्विनला तारेतल्या हालचालीत सरासरी ऊर्जा ०.०९ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. लाल तुकड्याला लागतात दोन. निळ्याला अडीचहून जास्त. दोन जमणंच विरळा, अडीच तर फारच विरळा. म्हणून आधी लाल दिसतो.

[दृश्य: घर. राजेंद्रनगर. भाचीच्या धाकट्या भावाची खोली, छतावर चमकणाऱ्या चांदण्या.]

प्लांक तुकड्यांपर्यंत आले, पण प्रकाश स्वतःच तुकड्यांचा आहे असं त्यांनी म्हटलं नाही. ते म्हटलं बर्नच्या पेटंट ऑफिसातल्या सव्वीस वर्षांच्या कारकुनानं, मार्च १९०५मध्ये. आइन्स्टाइन यांच्यापुढे लेनार्ड यांची १९०२ची निरीक्षणं होती. धातूवर प्रकाश पाडला की इलेक्ट्रॉन सुटतात. प्रकाश वाढवला की जास्त सुटतात, पण एकेकाचा जोर वाढत नाही. लाटेच्या हिशेबानं हे पटणारं नव्हतं. मोठी लाट आली तर दगड जोरात फेकला जायला हवा.

धातू आणि निर्वात नळी आम्हाला घरात दाखवता आली नसती. पण छतावरच्या रेडियमच्या चांदण्या होत्या, भावानं एक काढून दिली. रात्रभर पेटीत ठेवली, पूर्ण विझू दिली. मामांनी झांकीचा लाल फ्लडलाइट आणला. पन्नास वॉट. खोली लालभडक झाली आहे, भिंती, चेहरे, सगळं. चांदणी त्याच्याखाली ठेवली आहे. भावाला धीर धरवत नाही, तरी थांबला. दिवा बंद.

काही नाही. मिट्ट काळोख.

आता भाचीच्या हातात एक बारीकशी जांभळी एलईडी आहे, वाटाण्याएवढी. बटण-सेलवर चालणारी. ती चांदणीवर टेकवून तिनं एक रेघ ओढली. हिरवी रेघ लख्ख उमटली. मग तिनं भावाच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं.

पन्नास वॉटच्या लाल दिव्यातून चांदणीवर असंख्य फोटॉन येऊन आदळले. पण प्रत्येक फोटॉन एकटा येतो, आणि एकट्याजवळ दोनच इलेक्ट्रॉन-व्होल्ट. चार फुटांचा नाला आहे आणि तीन फूट उडी मारणारी पोरं आहेत, हजार पोरं आणली तरी एक पार होत नाही. जांभळ्या फोटॉनजवळ तीनाच्या वर आहेत. तो एकटा पुरतो.

या फिल्ममधलं आमचं सगळ्यात आवडतं दृश्य हेच. ते चित्रित करायला काही खर्च आला नाही, आणि कुठल्याही शाळेत ते होऊ शकतं.

आइन्स्टाइन यांचं म्हणणं बरीच वर्षं कोणी मनावर घेतलं नाही. शिकागोच्या रॉबर्ट मिलिकन यांना तर ते चूकच वाटत होतं आणि ते खोडून काढायला त्यांनी वर्षानुवर्षं प्रयोग केले. सोडियम, पोटॅशियम, लिथियम. हवा काढलेल्या नळीच्या आत, बाहेरून चालवता येणाऱ्या पात्यानं धातू खरवडायचा, ताजा पृष्ठभाग उघडा करायचा आणि त्यावर वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश पाडायचा. १९१६ साली त्यांनी जो आलेख छापला त्यात सरळ रेषा होती. खोडायला निघाले होते तेच सिद्ध झालं. त्या रेषेच्या चढावरून त्यांनी काढलेला प्लांकचा स्थिरांक आजच्या मूल्यापासून एका टक्क्याच्या आत आहे. आइन्स्टाइन यांना १९२१चं नोबेल याच नियमासाठी मिळालं, सापेक्षतेसाठी नव्हे. आणि १९२४मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी प्लांकचं सूत्र निव्वळ प्रकाशकणांची मोजणी करून काढून दाखवलं. तो लेख आइन्स्टाइन यांनी स्वतः जर्मनमध्ये आणून छापवला. बोस यांच्यावर वेगळी फिल्म व्हायला हवी.

[दृश्य: शेडमधलं टेबल, रात्र. बाकीचे दिवे बंद.]

मिलिकन यांची रेषा आता आपण काढणार आहोत. नऊ व्होल्टची बॅटरी, एक किलो-ओहमचा प्रीसेट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणारा छोटा रेझिस्टन्स, संरक्षणाला एक रेझिस्टन्स, मल्टिमीटर. चार एलईडी: लाल ६३० नॅनोमीटर, पिवळी ५९०, हिरवी ५२५, निळी ४७०. प्रत्येकीला काळ्या चिकटपट्टीची बोटभर नळी गुंडाळली आहे, बाहेरचा उजेड आत जाऊ नये म्हणून. एका टोकाला एलईडी, दुसऱ्या टोकाला डोळा.

भाची डोळा लावते. मामा प्रीसेट फिरवतात. फिरवतात म्हणजे केसाएवढं सरकवतात.

"आली का?"

"नाही अजून."

"आता?"

"थांबा, थांबा मामा... मागे घ्या थोडं. हं. आत्ता दिसली."

लाल. मीटरवर १.७४.

पिवळी १.८३. हिरवी २.२०. निळीसाठी मामांनी प्रीसेट आधीच पुढे नेऊन ठेवला होता, भाचीनं तो परत खाली आणायला लावला. शून्याकडूनच चढायचं, नाहीतर डोळा दिपतो. निळी, २.४६.

[दृश्य: आलेख-कागद, पेन्सिल, स्टीलची पट्टी.]

आडव्या अक्षावर वारंवारता, उभ्यावर व्होल्ट. चार ठिपके. पट्टी ठेवल्यावर लाल आणि निळा रेषेवर बसले, पिवळा जरा खाली राहिला, हिरवा किंचित वर. रेषा सरळच आहे. तिचा चढ काढायचा आणि इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारानं गुणायचं.

भाचीचं उत्तर: ७.१ गुणिले दहाचा उणे चौतिसावा घात, जूल-सेकंदांत. खरं मूल्य ६.६२६. म्हणजे सातेक टक्क्यांची चूक. मामांना वाटलं प्रयोग फसला. फसलेला नाही. जी संख्या दशांश चिन्हानंतर तेहतीस शून्यं गेल्यावर सुरू होते, ती जेल रोडच्या एलईडींनी आणि उघड्या डोळ्यांनी सात टक्क्यांपर्यंत आणून दिली.

एक गोष्ट नीट बघा. ही रेषा शून्यातून जात नाही, खाली उतरते. खोलीच्या उष्णतेचा इलेक्ट्रॉनांना थोडा हातभार लागतो, त्यामुळे पूर्ण व्होल्ट यायच्या आधीच एलईडी मिणमिणायला लागते. सगळ्याच रंगांत साधारण तेवढाच फरक पडतो, म्हणून व्होल्टला थेट वारंवारतेनं भागायचं नाही, चढ काढायचा. जर्नलमध्ये उत्तर जुळवून आणायची सवय असलेल्यांनी हा खालचा तुकडा पुसू नये. सगळ्यात शिकण्यासारखा तोच आहे.

मामा आलेखाकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे निळी उशिरा आली ती यामुळे का?" त्यांच्या सुरुवातीच्या झांक्यांत एलईडी लाल, पिवळी आणि हिरवट एवढीच मिळायची. बरोबर. दिसणारा लाल प्रकाश देणारी एलईडी १९६२मध्ये झाली. निळ्याला लागणारी मोठी ऊर्जा ज्यात सुटेल असा गॅलियम नायट्राइडचा चांगला स्फटिक वाढवायला त्यापुढे तीसेक वर्षं गेली. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्यासाठी २०१४चं नोबेल मिळालं. पांढरी एलईडीही निळी आल्यानंतरच शक्य झाली, कारण ती म्हणजे निळ्या तुकड्यावर पिवळा लेप.

[दृश्य: कॅट रोड. राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्राचं फाटक, रस्त्यावरून.]

राजेंद्रनगरपासून जवळच, या फाटकाच्या आत इंडस-२ आहे. १७२ मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरतात, अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत नेलेले. वळताना ते क्ष-किरण फेकतात. सहा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक फोटॉन घ्या, म्हणजे मामांच्या लालच्या सुमारे तीन हजार पट. वारंवारताही तीन हजार पट. गुणायची संख्या तीच, शेडमध्ये काढलेली. क्ष-किरण हाडापर्यंत का पोचतात, उन्हातल्या अतिनीलनं कातडी का जळते, मोबाइलच्या लहरींचा फोटॉन लाल फोटॉनच्याही अडीच लाखाव्या भागाएवढा का, हे सगळं याच एका सूत्रात आलं. २० मे २०१९पासून तर किलोग्रॅमची व्याख्याही याच स्थिरांकावर आहे.

[दृश्य: जेल रोड, दिवसा. इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान, काउंटर.]

सामान घ्यायला जाल तेव्हा नुसतं "एलईडी द्या" म्हणू नका. काउंटरवरचा विचारेल, "भिया, कौन सी? डिफ्यूज के क्लिअर?" क्लिअर घ्या, पाच मिलिमीटरची. रंग आतल्या स्फटिकाचा असतो, वरच्या प्लास्टिकचा नाही. हिरवीत दोन जाती येतात: जुनी पोपटी, लालच्या बाजूची, आणि नवी गडद, निळीच्या बाजूची. तरंगलांबी विचारून घ्या, नाहीतर ठिपका रेषेवर बसणार नाही आणि दोष प्लांक यांना जाईल. पांढरी या प्रयोगाला चालत नाही. जांभळी घेतलीत तर ती चांदणीवर टेकवा, नळीतून डोळ्याला लावू नका.